तिसरं इंजिन

आमच्या घरमालकांना ते इंजिन पूर्ण करायचं होतं की नव्हतं, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यांच्याकडे मी चार वर्षं भाड्यानं राहिले. त्यातले बहुतेक रविवार त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत, हातात आइस्क्रीमची काडी घेऊन काहीतरी ढवळण्यात घालवले. एवढ्या सहवासात माणूस कळायला हरकत नव्हती. पण काका कळले असं वाटायचं, तेवढ्यात काहीतरी भलतंच निघायचं आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर.

पायरीवरून आठवलं. त्यांच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या आणि नवव्या पायरीजवळ कठड्याला एक लाल चिठ्ठी बांधलेली होती. ‘रिजेक्ट. कारण: अर्धा इंच जास्त उंच.’ गवंडी कधीच देवाघरी गेला होता, चिठ्ठी मात्र होती. काका तळेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायला होते. जन्मभर त्यांनी वाईट सुट्या भागांना लाल चिठ्ठ्या बांधल्या आणि निवृत्त झाल्यावर हातांना राहवेना म्हणून घरातल्या वस्तूंना बांधायला सुरुवात केली. गळका नळ, न मिटणारी छत्री, मागे पडणारं घड्याळ. एकदा माझ्या स्कूटरलाही चिठ्ठी लागली होती. मी रागावून ती काढली आणि दुसऱ्याच दिवशी कुरवंड्याच्या चढावर ब्रेकची वायर तुटली. तेव्हापासून मी त्यांच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत.

मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

“काय शिकवता?”

“केमिस्ट्री. ज्युनिअर कॉलेजला.”

ते आत गेले आणि चहाच्या बशीतून एक वस्तू घेऊन आले. बोटभर लांबीचं, दुधी रंगाचं, रेल्वेच्या इंजिनाचं अंग. खिडक्या, कड्या, समोरच्या दिव्याची खोबण, सगळं इतकं बारीक आणि सुबक की मी बघतच राहिले. छपराच्या एका कोपऱ्यात मात्र हरभऱ्याएवढा फुगा आला होता आणि तो फुटून खड्डा पडला होता.

“याला काय झालंय?” डॉक्टरपुढे पोर धरावं तसं ते माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “पाणी लागलंय कुठेतरी.”

स्वयंपाकघरात काकू पीठ चाळत होत्या. चाळणीचा आवाज थांबला. काकांनी इंजिन पुन्हा बशीत ठेवलं. “हवा,” ते म्हणाले. “लोणावळ्याची हवा. खोली उद्यापासून तुमची.”

मला वाटलं माझं उत्तर चुकलं. मग खोली कशी मिळाली, ते मला कळलं नाही.

घाटातून गाडी वर चढवायला कर्जतला मागून इंजिनं जोडतात आणि ती लोणावळ्यात सोडतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांना बँकर म्हणतात. काका नोकरीला जाताना फलाटावर उभे राहून ती सुटताना बघायचे. पुढच्या इंजिनाकडे सगळं जग बघतं, मागून ढकलणाऱ्याकडे कोणी बघत नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवरच्या खोलीत थर्माकोलचा घाट उभारला. बोगदे, पूल, कड्यावरची झाडं आणि अर्ध्या चढावर थांबलेली एक गाडी. गाडीच्या मागे दोन बँकर. तिसऱ्याची जागा रिकामी.

“दोघांवर चढत नाही, मॅडम,” काका सांगायचे. “तिसरं लागलं नाही तर मागे येईल.”

गाडी रुळाला फेविक्विकनं चिकटवलेली होती. ती मागे येण्याची काही भीती नव्हती. पण ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की मलाही दोन-तीनदा वाटून गेलं, खाली काहीतरी टेकू लावावा.

इंजिनाचं अंग ते रेझिनमध्ये ओतून काढायचे. दोन बाटल्या असतात. दोन्हीतला द्रव सारख्या मापानं एकत्र करायचा, हलक्या हातानं ढवळायचा आणि दोन-तीन मिनिटांच्या आत रबराच्या साच्यात ओतायचा. अर्ध्या तासानं साचा सोलला की इंजिन हातात. साच्यात ते उलटं असतं, म्हणजे छप्पर खाली. सांगायला सोपं आहे. पण माप थोडं चुकलं तर वस्तू कायमची चिकट राहते. जोरात ढवळलं तर हवेचे बुडबुडे राहतात. पाणी किंवा दमट हवा लागली तर मिश्रण फसफसून फुगतं. साच्याला काकांनी एकदा खोबरेल तेल लावलं, तर वस्तू सुरेख सुटून आली आणि तिच्यावर मारलेला रंग तासाभरात ठिकठिकाणी गोळा होऊन बसला. मग भांड्याच्या साबणानं आणि टूथब्रशनं घासून ती धुतली. टूथब्रश काकूंचा होता.

या सगळ्या दोषांवर काकांनी उपाय शोधले होते. मापाला औषधाच्या बाटलीची झाकणं होती. बुडबुडे वर यावेत म्हणून ओतलेला साचा ते कपडे धुण्याच्या चालू मशीनवर ठेवायचे. काकू खालून ओरडायच्या, “अहो, माझ्या साड्या धुतंय ते का तुमचं इंजिन?” साचा कोरडा आणि उबदार राहावा म्हणून चिवड्याच्या मोठ्या डब्यात साठचा बल्ब बसवून त्यात तो ठेवलेला असे. सगळं होतं, आणि तरी दर रविवारी छपराला फुगा. मी आले तेव्हा बावीस इंजिनं फुग्यावर गेली होती. काकांनी एकही टाकून दिलं नव्हतं. प्रत्येकाला लाल चिठ्ठी बांधून ती कपाटात ओळीनं निजवलेली होती.

“लांबी भरू या ना,” मी एकदा म्हटलं. “खड्डा बुजवायचा, घासायचा, रंग मारला की कुणाला दिसणार आहे?”

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुलांना कॉपी करायला सांगतेय.

“लांबी भरलेला माल मी कधी पास केला नाही.”

विषय तिथेच मिटला.

आता या इंजिनावर काय अडलं होतं, ते सांगायला हवं. काकांची एकुलती एक मुलगी पुण्यात. चांगली, मायेची मुलगी. मोठा फ्लॅट घेतला, त्यात आईवडलांसाठी पूर्वेची खोली ठेवली आणि तुम्ही दोघं आता इकडेच या म्हणून मागे लागली. काकांनी तिला शब्द दिला, ‘हातातलं मॉडेल पूर्ण झालं की येतो.’ शब्द दिला तेव्हा घाट झाला होता, गाडी झाली होती, दोन बँकर झाले होते. एकच राहिलं होतं. महिन्या-दीड महिन्याचं काम. मुलीनं खोलीला पडदेही लावून घेतले.

दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. “बाबा, झालं का इंजिन?” काका फुगा कॅमेऱ्यासमोर धरायचे. “या वेळी पण हवा.” मग ती काकूंशी बोलायची. “आई, लिफ्ट आहे गं इथे. गुडघे किती झिजवणार आहेस त्या जिन्यावर?” काकू म्हणायच्या, “येणारच आहोत की. यांचं एवढं होऊ दे.” आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओटा पुसत बसायच्या. त्या ओट्यावर पुसण्यासारखं काही नसायचं.

मला त्या मुलीसाठी वाईट वाटायचं. मी केमिस्ट्रीची एमएस्सी, माझ्या डोक्यावरच्या खोलीत दर आठवड्याला एक साधी रासायनिक क्रिया चुकते आणि ती का, हे मला सांगता येऊ नये, याची लाजही वाटायची. मी नेट लावला. हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आणून भिंतीवर टांगलं. वर्गात मुलांना सांगितलं की बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात त्या आणा. आठवडाभरात पिशवीभर जमल्या. त्या भाजून, कोरड्या करून मी बाटल्यांभोवती रचल्या. जानेवारी आला. लोणावळ्यात हवा अशी कोरडी की ओठ फुटले. यंत्राचा काटा पार खाली. आज फुगा आला तर मी डिग्री परत करीन असं मी काकांना म्हणाले.

साचा सोलला. फुगा. त्याच कोपऱ्यात.

“हवा,” काका म्हणाले.

“काका, हवा कोरडी आहे. काटा बघा. हे पाणी आहे. थेंबभर तरी पाणी साच्यात गेल्याशिवाय ते असं फुगणार नाही.”

“वस्तू खोटं बोलत नाही, मॅडम. तिला नीट विचारावं लागतं,” असं एरवी दिवसातून तीनदा सांगणारा माणूस त्या दिवशी खिडकीबाहेर नागफणीच्या सुळक्याकडे बघत म्हणाला, “थंडीतली हवा फसवी असते.” मग त्यांनी वही काढली, लिहिलं आणि मिटली.

तेव्हा मला संशय यायला लागला तो काकांचाच. यांनाच जायचं नाही, मुलीला स्पष्ट सांगायचं धाडस नाही, म्हणून हे स्वतःच काहीतरी करतात. मी पाळत ठेवली. काही सापडेना. माप ते डोळ्यांत तेल घालून घ्यायचे. ढवळताना श्वास रोखून धरायचे. हात पुसून कोरडे करायचे. एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. सगळी तयारी झाली, रिकामा साचा डब्यात तापत ठेवला, की चारच्या सुमाराला ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून मोठ्यानं ओरडायचे, “मी चहाला खाली येतोय!” आणि जायचे. मलाही न्यायचेच. रेझिनच्या दोन मिनिटांना स्टॉपवॉच लावणारा माणूस व्हरांड्यात एक कप चहा वीस मिनिटं प्यायचा. पुन्हा वर ओतायला जाताना प्रत्येक पायरीवर चपला आपटायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय.

उलगडा केला तो भांडी घासायला येणाऱ्या कुरवंड्याच्या मावशींनी, आणि तोही त्यांच्या नकळत. जुलैचा महिना होता, चार दिवस पाऊस उघडला नव्हता. भिंतींना हात लावला तर हात ओला होत होता. मी व्हरांड्यात काकांबरोबर चहा पीत होते, कप ठेवायला आत गेले, तर मावशी मोरीत बसून आपल्याशीच हसत होत्या.

“काय झालं मावशी?”

“आवं म्याडम, हितं कापडं वाळंनात, तितं तुमच्या काकाचं इंजान कुटं वाळतंय! आन त्या काकू बगा. भाईर आभाळ फाटलंय आन त्या तांब्या घिऊन निगाल्या गच्चीवरच्या झाडास्नी पानी घालाया!”

मी पण हसले. मग हसता हसता थांबले. मी कायम बघत होते की हे. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, दर रविवारी चार वाजता काकू तांब्या घेऊन शेवंतीला पाणी घालायला वर जातात. पावसात पण जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी पाय न वाजवता चौदा पायऱ्या चढले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. काकूंनी चिवड्याच्या डब्याचं झाकण बाजूला केलं होतं. त्यांनी तांब्यात बोट बुडवलं आणि ते साच्यावर धरलं. तवा तापला का बघायला आपण पाणी शिंपडतो, तेवढंच. एक थेंब. मग झाकण नीट लावलं, पदरानं ते पुसलं. वळल्या तेव्हा मी दारात उभी होते.

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, “छत्री न घेता कशाला आलात? भिजाल,” आणि माझ्या शेजारून हळूहळू उतरून गेल्या. नवव्या पायरीवर थांबल्या, कठडा धरला, गुडघा चोळला, मग पुढे.

आता हे काकांना सांगायचं की नाही? मुलांना सांगते की प्रयोगात खोटं रीडिंग लिहू नका, आणि इथे शंभरावर खोटी रीडिंगं माझ्या डोळ्यांसमोर. दुसरीकडे वाटलं, काकूंचा संसार त्या घरात झाला, त्यांना विचारलं कुणी? लेक इतक्या प्रेमानं बोलावतेय की तिला नाही म्हणायला तोंड नाही, आणि नवऱ्यानं तर शब्दच देऊन टाकला. बिचारीनं दुसरं करायचं तरी काय! माझा काही निर्णय होईना. त्या गोंधळात मी ओलावा नोंदवायच्या निमित्तानं काकांची वही मागितली आणि पहिल्या पानापासून वाचली.

पहिलं इंजिन: पास. दुसरं इंजिन: पास. मग मुलीला शब्द दिला त्यानंतरचा पहिला रविवार. तिसरं इंजिन: रिजेक्ट. कारण: साच्यात पाणी.

काकांचं ते टपोरं, तपासणीसाचं अक्षर. साच्यात पाणी. आणि पुढच्या रविवारपासून खाली सगळीकडे एकच शब्द, हवा, हवा, हवा.

म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून ते ओरडून खाली यायचे, म्हणून वीस मिनिटांचा चहा, म्हणून त्या चपला. मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, मला काही विचारलं नाही. त्यांना कळलंय हे काकूंना ठाऊक होतं का? मला वाटतं, हो. मग वाटतं, नाही. त्या दोघांचं या विषयावर एका शब्दानंही बोलणं झालं नसणार, एवढं मात्र नक्की.

पुढच्या रविवारी मुलीनं फोनवर मला बोलावून घेतलं. “मॅडम, तुम्ही तर केमिस्ट्रीच्या. का होत नाही हो ते इंजिन?”

एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला काकू. मी म्हणाले, “हवा आहे इथली.”

काकूंनी त्या दिवशी मला आग्रहानं दुसऱ्यांदा शिरा वाढला.

असं आणखी वर्षभर चाललं. मीही त्या कामात पार सामील झाले होते. चहाला खाली जायची, चहा जितका लांबवता येईल तितका लांबवायची, मग वर येऊन ढवळायची. आणि मग पुढच्या पावसाळ्यातला तो एक रविवार. काकांनी साचा सोलला आणि इंजिन उलटं करून छप्पर वर केलं.

छप्पर गुळगुळीत होतं.

त्यांनी ते खिडकीशी नेलं, भिंग लावलं, नखानं चाचपलं. मीही बघितलं. बुडबुडा नाही, छिद्र नाही, कड तुटलेली नाही. चार वर्षांत इतकं निर्दोष इंजिन मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, काकूंनी मन बदललं. सुटले बिचारे. मी “काका, अभिनंदन” म्हणणार एवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. तो पांढराफटक पडला होता.

“आज ही वर आली नाही?” ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच. आणि चपला न घालताच जिन्याकडे गेले.

काकू तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. तांब्या मांडीवर, काठोकाठ भरलेला. एक हात गुडघ्यावर. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. चहाच्या वेळी आम्ही व्हरांड्यात होतो आणि जिना घराच्या मागच्या अंगाला. आम्ही वर जाताना त्यांना ओलांडून गेलो तेव्हा त्या हसल्या होत्या, आणि मला वाटलं होतं, पाणी घालून उतरताना जरा टेकल्यात. काका दोन पायऱ्या वर उभे राहिले.

“झाडांना उद्या घालीन पाणी,” काकू म्हणाल्या. “आज पाय उचलतच नाहीये.”

“राहू दे.”

“तुमचं इंजिन कसं आलं?”

काकांचा हात सदऱ्याच्या खिशात होता. इंजिन त्या मुठीत होतं, हे मला दिसत होतं. हा माणूस जन्मभर खोट्या मालाला पास म्हणाला नव्हता आणि खऱ्याला रिजेक्ट म्हणाला नव्हता.

“फुगा आला,” काका म्हणाले. “हवा.”

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तांब्या तर त्यांच्याच मांडीवर होता. त्यांनी तो खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि मला रडू आवरेना म्हणून मी तिथून निघून माझ्या खोलीत आले.

संध्याकाळी काका माझ्या दारात आले. इंजिन माझ्या हातावर ठेवलं. त्याला लाल चिठ्ठी बांधलेली होती. रिजेक्ट, असं लिहिलं होतं. कारणाची ओळ त्यांनी कोरी सोडली होती.

“हे तुमच्याकडे असू द्या. या घरात नको.”

पुढच्या रविवारी मी गच्चीवर गेले तर खोलीत फक्त घाट आणि गाडी. टेबल, बाटल्या, चिवड्याचा डबा, काही नाही. सगळं सामान खाली स्वयंपाकघरात, काकूंच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर मांडलेलं होतं. काकू मटार सोलत होत्या. डब्यातला बल्ब जळत होता.

“वर हवा फार कोरडी आहे,” काकांनी मला सांगितलं. बाहेर आठ दिवस ऊन नव्हतं.

चार वाजले. चहा तर आता तिथेच होता, खाली यायचं कारण उरलं नव्हतं. काका थोडा वेळ घुटमळले. मग मोठ्यानं म्हणाले, “मी जरा नागफणी दिसतेय का बघून येतो!” आणि मला घेऊन व्हरांड्यात आले. स्वयंपाकघराकडे पाठ करून कठड्याला टेकून उभे राहिले. समोर धुकं इतकं दाट की फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

आतून तांब्याचा आवाज आला.

“आलो हं!” काका आत ऐकू जाईल असं ओरडले, आणि जागचे हलले नाहीत. धुक्याकडे बघत, चहा निवेपर्यंत, तसेच उभे राहिले.